नद्यांची वही

मुलांनो, एक कोडं घालते. पुण्याहून कोल्हापूरला मोटारीने निघालात, तर वाटेत किती नद्या ओलांडाल? आणि त्यांची नावं काय? अं हं, नकाशा उघडायचा नाही, आईबाबांना विचारायचं नाही आणि मोबाईलला तर हातही लावायचा नाही!

जमत नाही ना? वाईट वाटून घेऊ नका. गेल्या नाताळापूर्वी हा प्रश्न कुणी मला विचारला असता, तर मीही कृष्णा, कोयना, पंचगंगा अशी तीन नावं सांगून गप्प बसले असते. मी चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यास शिकवते, तरीसुद्धा! आता मात्र मला सगळी नावं पाठ आहेत. ती कशी पाठ झाली, आणि त्या नावांपायी आम्हा सहा जणांचा जीव कसा वाचला, त्याचीच ही गोष्ट.

माझ्या दादाने नवी गाडी घेतली. एसयूव्ही. उंच, ऐसपैस, सात जण बसतील अशी. चाकं मोठी, गाडीचं पोट जमिनीपासून चांगलं वर, त्यामुळे खड्डा आला तरी खाली घासायची भीती नाही. आत थंडगार हवा, मऊ सीट, आणि काचा लावल्या की बाहेरचा आवाज जवळजवळ बंद. नाताळला जोडून रविवार आला होता. मध्ये एक दिवस रजा टाकली आणि बेत ठरला, हंपीला जायचं! पुण्यापासून जवळजवळ ६०० किलोमीटर. जायला एक दिवस, बघायला दीड दिवस आणि परत.

"बघच तू," दादा मला म्हणाला, "तुम्हाला पुण्याहून हंपीला झोपेत नेल्यासारखं नेतो की नाही!"

हे वाक्य लक्षात ठेवा हं, मुलांनो.

पहाटे साडेपाचला निघालो. दादा गाडी चालवत होता आणि शेजारी वहिनी. मधल्या सीटवर माझी आई आणि चौथीतली भाची. मागे मी, आठवीतला भाचा आणि पिशव्या. माझ्या आईला तुम्हीही आजीच म्हणा. आजीचं माहेर कराडजवळचं. तिचा सारा जन्म एस्टीच्या लाल डब्यातून प्रवास करण्यात गेला. नदी आली की हात जोडायचे, ही तिची जुनी सवय.

गाडी वारज्याजवळून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे निघाली. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. आजी सारखी काचेला नाक लावून बाहेर बघत होती. शेवटी तिने विचारलं, "अगं, मुठा गेली का?"

कुणालाच माहीत नव्हतं! भाचा मोबाईलमध्ये, भाची अर्धवट झोपेत, मी पिशव्या नीट लावण्यात. दादा म्हणाला, "गेली असेल, मघाशी एक पूल लागला खरा."

"असेल काय?" आजी म्हणाली. "नदी म्हणजे काय पेट्रोलपंप आहे का? एस्टीत कसं, पूल आला की खडखडाट व्हायचा, गार वारा आत यायचा. डोळे मिटलेले असले तरी कळायचं. तुझ्या या गाडीत मेलं काही कळतच नाही!"

आम्ही सगळे हसलो. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्हीच हिशोब करा. गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने चालली, तर एका सेकंदात ती २५ मीटर जाते. म्हणजे १०० मीटरचा पूल चार सेकंदांत संपतो. चार सेकंद मान खाली घालून बसलात, की एक अख्खी नदी हुकली!

भाची एव्हाना पूर्ण जागी झाली होती. तिने दप्तरातून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर '१. मुठा (हुकली)' असं लिहिलं आणि जाहीर केलं, "आता एकही नदी चुकवायची नाही. आजी, तू नावं सांग, मी लिहिते." झाली सुरू नद्यांची वही.

शिरवळच्या अलीकडे नीरा आली. आजीने हात जोडले, वहीत दुसरं नाव पडलं. मग खंबाटकीची वळणं सुरू झाली, आणि मागून भाच्याचा बारीक आवाज आला, "आत्या, मला कसंतरीच होतंय." मी त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला, काच खाली करायला सांगितली आणि म्हटलं, "तो लांबचा डोंगर दिसतोय ना, त्याच्याकडे बघत राहा."

गाडीत वाचताना किंवा मोबाईल बघताना मळमळतं ते का, ठाऊक आहे? आपल्या कानाच्या आत, अगदी खोलवर, तोल सांभाळणारा एक छोटासा अवयव असतो. गाडी वळली की तो मेंदूला सांगतो, "आपण हलतोय!" पण डोळे तर हातातल्या पडद्यावर असतात. ते सांगतात, "छे, आपण एका जागी बसलोय!" दोघांचं भांडण जुंपतं आणि शिक्षा पोटाला होते. लांबवर बघितलं की डोळ्यांनाही हालचाल दिसते आणि भांडण मिटतं. भाच्याचंही मिटलं. पण बाहेर बघायला लागल्यावर तोही नद्यांच्या खेळात सामील झाला, ही खरी गंमत!

भुईंजला कृष्णा आली. महाबळेश्वरला उगम पावून वाईवरून नुकतीच खाली उतरलेली. इथे तिचं पात्र एवढं साधं दिसतं, की हीच पुढे सुमारे १४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, यावर विश्वास बसत नाही. साताऱ्याजवळ वेण्णा. मग उरमोडी. उंब्रजला तारळी. कराडला कोयना. आजी खुशीत आली होती. "कोयना समोरून येते आणि कृष्णेच्या अगदी समोरासमोर जाऊन भेटते. प्रीतिसंगम म्हणतात त्याला. दोन बहिणी कडकडून भेटाव्यात तसं!" तिला तिथे थांबायचं होतं. पण दादा म्हणाला, "येताना थांबू, आई." आम्ही पुढे निघालो.

पुढे वारणा, शिरोलीजवळ पंचगंगा. इथे आजीची यादी संपली! कोल्हापूरच्या पलीकडे तिचा प्रवासच झाला नव्हता. मग आम्ही पुलांजवळच्या पाट्या वाचू लागलो. कागलच्या पुढे दूधगंगा लागली. निपाणीजवळ वेदगंगा. पंचगंगेच्या पुलाकडे वळून बघत भाचा म्हणाला होता, "एवढंसं तर पाणी आहे!" तेव्हा मी त्याला सांगितलं, की २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये याच एवढ्याशा नदीला असा महापूर आला, की हा राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद पडला होता. दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा लागल्या होत्या. नदी लहान दिसली म्हणून तिला लहान समजू नये.

निपाणीपासून पाट्यांवर कानडी अक्षरं दिसू लागली. गोल गोल, जिलेबीसारखी. भाचीला फार आवडली. संकेश्वरला हिरण्यकेशी, मग घटप्रभा, बेळगावच्या अलीकडे मार्कंडेय. बेळगावच्या पुढे तास-पाऊण तासाने एक मोठा पूल आला, पण पाटी काही दिसली नाही. पलीकडे चहाची टपरी होती. दादाने गाडी थांबवली. भाचीला मी एक कानडी वाक्य शिकवून ठेवलं होतं. तिने टपरीवाल्या काकांसमोर उभं राहून ते म्हणून दाखवलं, "ई नदीय हेसरेनु?" म्हणजे, या नदीचं नाव काय?

काका एवढे खूश झाले! "मलप्रभा," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ कानडीत बोलत राहिले. आम्हाला त्यातलं फार तर चार शब्द कळले. पण निघताना त्यांनी भाचीच्या वहीत स्वतःच्या हाताने कानडीत 'मलप्रभा' लिहून दिलं. आजही ते वहीत आहे. बंद काचेतून जाणाऱ्या माणसाला असा खाऊ मिळत नाही, मुलांनो!

धारवाडला पेढे घेतले (ते का घेतले हे सांगायला नकोच). हुबळी मागे पडली आणि मुलूख बदलला. उसाची हिरवी शेतं संपून काळीभोर सपाट जमीन सुरू झाली, कापसाची आणि ज्वारीची. गदग आलं. पंडित भीमसेन जोशी यांचं बालपण याच गावात गेलं. गदगजवळच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग फिरत होती. कोप्पळ मागे पडल्यावर मोठमोठे गोल धोंडे दिसू लागले, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. आणि दिवस मावळताना, होस्पेटच्या तोंडाशी, तुंगभद्रा!

वहीतलं सोळावं नाव.

वरच्या बाजूला तुंगभद्रेचं धरण आहे. १९५३ साली ते पुरं झालं. त्याला ३३ दरवाजे आहेत. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये त्यातल्या १९ नंबरच्या दरवाजाची साखळी तुटली आणि तो अख्खा दरवाजाच वाहून गेला. धरण भरलेलं, आणि पाणी धो धो वाहून चाललेलं. तेव्हा इंजिनियर आणि कामगारांनी आठवड्याभरात, त्या वाहत्या पाण्यातच लोखंडी फळ्या उतरवून ते भगदाड अडवलं. केवढी हिंमत लागली असेल!

रात्री लॉजवर भाच्याने नकाशा पसरला आणि वहीतल्या एकेका नदीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. मुठा कुठे जाते? मुळेला मिळून भीमेत. नीरा? तीही भीमेत. भीमा? कृष्णेत. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा, पंचगंगा? कृष्णेत. वेदगंगा दूधगंगेत, दूधगंगा कृष्णेत. हिरण्यकेशी आणि मार्कंडेय घटप्रभेत, घटप्रभा कृष्णेत. मलप्रभाही कृष्णेत. आणि तुंगभद्रा? तीसुद्धा, पार तिकडे कर्नूलजवळ जाऊन, कृष्णेतच!

"आत्या," तो ओरडलाच, "म्हणजे आज दिवसभर आपण एकाच नदीच्या घरात फिरत होतो!"

खरंच की! ६०० किलोमीटर, दोन राज्यं, दोन भाषा, आणि सगळं पाणी एकाच घरचं. नियमाला अपवाद शोधला, तर तोही सापडला. धारवाडलाच उगम पावणारी शाल्मला नदी मात्र उलटी, पश्चिमेकडे जाते आणि गंगावळीच्या रूपाने अरबी समुद्राला मिळते. म्हणजे धारवाडवर पडलेल्या पावसाचे काही थेंब या समुद्रात, तर काही त्या समुद्रात! आम्ही तिच्यावरून गेलो नव्हतो, म्हणून भाचीने तिचं नाव वहीच्या समासात लिहिलं.

हंपीबद्दल लिहायचं तर वेगळा लेखच लिहावा लागेल. १३३६ साली स्थापन झालेल्या विजयनगर साम्राज्याची ही राजधानी. कृष्णदेवरायाच्या काळात, म्हणजे १५०९ ते १५२९ या वर्षांत, तिचं वैभव शिगेला पोचलं होतं. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत पराभव झाला आणि एवढं मोठं नगर उद्ध्वस्त झालं. ५० रुपयांची नवी नोट हातात घ्या आणि मागची बाजू बघा. त्यावरचा दगडी रथ इथे विठ्ठल मंदिराच्या अंगणात उभा आहे. आजीने त्या मंदिरात पाऊल ठेवताच विचारलं, "विठ्ठल? इथे?" मग मी तिला, आणि तिने मला, दोघींना माहीत असलेली कथा पुन्हा सांगितली. पंढरपूरची विठ्ठलाची मूर्ती विजयनगरच्या राजाने इथे आणली होती आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी ती परत पंढरपूरला नेली, असं परंपरेने सांगतात. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. आजी रिकाम्या गाभाऱ्यालाही नमस्कार करून आली. "चंद्रभागा म्हणजे भीमाच ना?" तिने भाच्याला विचारलं. "मग तीही आपल्याच वहीतली."

नदीवर टोपलीसारख्या गोल होड्या होत्या. त्यांना हरिगोलू म्हणतात. १५२० च्या सुमारास इथे आलेल्या दोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशानेही टोपलीसारख्या गोल होड्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. पाचशे वर्षांपूर्वीचं राज्य गेलं, होडी मात्र राहिली!

आता परतीचा प्रवास. मुलांनो, इथून पुढचं जरा लक्ष देऊन वाचा. आणि आईबाबांनाही वाचून दाखवा.

रविवारी दुपारी निघायचं ठरलं होतं. पण "अजून थोडं, अजून थोडं" करत संध्याकाळचे पाच वाजले. दादाला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. "रात्रभरात पोचू," तो म्हणाला. "रस्ता चांगला आहे, गाडी चांगली आहे. काय अडचण?" दिवसभर तो आमच्याबरोबर उन्हात फिरला होता. पण आम्ही कुणीच नको म्हटलं नाही. कारण उघड आहे. आम्हाला तर मागे झोपायचंच होतं!

बेळगावला रात्रीचं जेवण झालं. जेवण अंमळ जास्तच झालं. वहिनीचं डोकं दुखत होतं, म्हणून ती मागे जाऊन आडवी झाली आणि पुढे दादाशेजारी मी बसले. "मी जागी राहते, तुझ्याशी गप्पा मारते," असं मी त्याला म्हटलं होतं. हे मी अगदी स्पष्ट आठवून लिहिते आहे.

कोल्हापूर गेलं तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. गाडीत ऊबदार वाटत होतं. बारीक आवाजात गाणी चालू होती. आजी झोपली, वहिनी झोपली, भाचा झोपला. आणि मी, पुढच्या सीटवर बसून, जागं राहायचं कबूल करून, झोपले.

जागी होती फक्त चौथीतली भाची. का? तर जाताना वारणा पुलावरून जाताना ती शिंकली होती आणि नदी नीट दिसली नव्हती! येताना ती बघायची आणि वहीत खूण करायची, म्हणून ती डोळे ताणून बसली होती. पंचगंगा गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, आता वारणा ना?" दादा म्हणाला, "हं." थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "बाबा, वारणा आली का?" उत्तर नाही. तिला वाटलं, ऐकू आलं नसेल. ती दोन सीटच्या मधून पुढे वाकली. समोर दिव्यांच्या उजेडात तिला एक भिंत दिसली. उसाची भिंत.

"बाबा!!"

त्या किंकाळीने मी जागी झाले. दादाने ब्रेक दाबला. पट्टे छातीत रुतले, चाकं किंचाळली, पेढ्यांचा खोका पुढे येऊन आदळला. आणि गाडी थांबली. समोर उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. तिच्यात आणि आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. हातांचं म्हणजे खरोखर हातांचं, मी नंतर उतरून बघितलं.

ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला. चालक उतरून धावत आला. "झोप लागली का हो भाऊ?" एवढंच त्याने विचारलं. दादाला बोलता येईना. त्याने मान हलवली. त्या माणसाने पाण्याची बाटली पुढे केली. तो बीडकडून ऊसतोडीच्या हंगामासाठी आलेला होता आणि कारखान्याच्या रांगेत कालची रात्रही त्याने जागून काढली होती. ट्रॅक्टरवर, त्याच्या सीटशेजारी, घोंगडी पांघरून एक मुलगा बसला होता. आमच्या भाचीएवढा. माझ्या वर्गातल्या मुलांएवढा. तो आमच्याकडे बघत होता, आणि आम्ही त्याच्याकडे.

दादाने गाडीत होता तो लाल रुमाल ट्रॉलीच्या मागे बांधला. रात्री रुमाल दिसत नाही, हे आम्हालाही कळत होतं. म्हणून मग पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत आमची गाडी, चारही दिवे लुकलुकत ठेवून, त्याच्या मागे हळूहळू चालली. वाटेत पूल आला. दादाने काच खाली केली. गार वारा आत आला. कुणीच काही बोललं नाही. शेवटी भाचीच म्हणाली, "वारणा."

त्या रात्री आम्ही पुढे गेलो नाही. कराडला लॉजवर थांबलो आणि सकाळी आजीला घेऊन प्रीतिसंगमावर गेलो. धुक्यातून कृष्णा एकीकडून येत होती, कोयना दुसरीकडून. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. आजीने पायऱ्यांवर बसून पाण्यात हात घातला. दादा थोडा लांब उभा राहून मोबाईलवर बोलत होता. "आज येत नाही," असं सांगायला त्याला अर्धं मिनिट लागलं. अर्ध्या मिनिटाचं काम! आणि तेवढ्यासाठी आम्ही सहा जण, आणि ट्रॅक्टरवरचे ते दोघं…

नंतर मी खूप विचार केला. चूक कुणाची? ट्रॉलीला दिवा नव्हता, ही चूक होतीच. पण आमची चूक त्याआधी झाली होती. आरामशीर गाडीने आम्हाला फसवलं होतं. किंवा खरं सांगायचं तर, आम्ही फसवून घेतलं होतं.

असं बघा. जुन्या एस्टीत वेग वाढला की खिडक्या खडखडायच्या, सीट हलायची, वारा कानशिलात बसायचा. वेग अंगाला कळायचा. उंच, बंद, मऊ गाडीत तो कळत नाही. उंचावरून रस्ता सावकाश सरकतोय असं वाटतं, आवाज नाही, धक्का नाही. काटा १०० वर असतो आणि आपल्याला वाटतं ६० वर आहे. १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. खो-खोचं मैदान असतं २७ मीटर लांब. म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत मैदान पार! तीन सेकंदांची डुलकी म्हणजे एकामागे एक तीन मैदानं, डोळे मिटून.

आणि मऊ सीट काही फक्त मागच्यांसाठी मऊ नसते. ज्या ऊबेत, ज्या शांततेत आपल्याला छान झोप लागते, त्याच ऊबेत चालवणाराही बसलेला असतो. आपलं शरीर काही मोटारीचं इंजिन नव्हे. मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेपर्यंत ते झोप मागतंच. दुपारच्या जेवणानंतरही मागतं. काच उघडून, गाणी मोठी लावून, चहा पिऊन ती थोडा वेळ लांबवता येते, पण संपवता येत नाही. झोपेवर औषध एकच, झोप!

आणखी एक. उंच गाडी दिसायला दांडगी, पण तिचा भार उंचावर असतो. जोरात जाताना एकदम स्टिअरिंग वळवलं, तर ती बुटक्या गाडीपेक्षा लवकर कलंडू शकते. त्या रात्री दादाने घाबरून एकदम बाजूला वळवलं असतं, तर काय झालं असतं, हा विचार मी पुढे नेत नाही. पट्टे मात्र सगळ्यांनी लावले होते, मागे बसलेल्यांनीसुद्धा. मागच्यांनी पट्टा लावणं हा कायदाच आहे. पण भाची पट्टा लावायला कुरकुरते म्हणून वहिनी दर वेळी तिच्याशी भांडते. आता भांडावं लागत नाही.

आमच्या घरी आता लांबच्या प्रवासाचे चार नियम झाले आहेत. भाचीने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आहेत, आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. दादाचीसुद्धा! ते असे:

१. रात्री दहानंतर गाडी थांबलेली असेल.
२. दर दोन तासांनी सगळ्यांनी उतरायचं, पाय मोकळे करायचे.
३. चालवणाऱ्याच्या शेजारी बसेल त्याने झोपायचं नाही. झोप आली तर सांगायचं आणि जागा बदलायची.
४. नदी आली की वेग कमी, काच खाली.

चौथा नियम आजीचा आहे. हसू नका. त्याच नियमाने बाकीचे तीन पाळले जातात! नदीची वाट बघणारं एक जरी माणूस गाडीत असलं, तरी गाडी झोपी जात नाही.

तेव्हा मुलांनो, सुट्टीत गावाला जाल तेव्हा एक वही बरोबर घ्या. मोटार असो, एस्टी असो की रेल्वे. किती नद्या लागल्या, त्यांची नावं काय, त्या कुठून आल्या आणि कुणाला मिळाल्या, ते लिहा. नाव कळलं नाही तर उतरून कुणाला तरी विचारा. नद्या नसतील तर घाट लिहा, धरणं लिहा, गावोगावची झाडं लिहा. आणि बाबा किंवा आई, जे कुणी गाडी चालवत असेल, त्यांना मधूनमधून विचारत राहा, "आता कुठली नदी?"

उत्तर आलं नाही, तर मोठ्याने विचारा.